‘नको’ म्हणण्याचे कष्ट

माझी भाची पहिलीत आहे. दिवाळीनंतर तिला अक्षरं जोडून वाचता यायला लागलं आणि तेव्हापासून ती रस्त्यात दिसेल ते वाचत सुटली आहे. परवा डोंबिवली स्टेशनवरून आम्ही दोघी रिक्षाने घरी निघालो. अंतर जेमतेम दोन किलोमीटर. रिक्षा हलली आणि तिचं सुरू झालं.

“दा-तां-चा द-वा-खा-ना. केस ग-ळ-ता-य-त? मावशी, तुझे केस गळतायत? दहावी नापास? चिंता नको. मूळव्याध, भ-गं-द-र. भगंदर म्हणजे काय गं? भाऊंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. कोण भाऊ? सोन्यावर त्वरित कर्ज. वजन घटवा. वजन वाढवा. टू बीएचके, शेवटचे काही फ्लॅट शिल्लक...”

रिक्षावाल्याच्या सीटच्या पाठीवरही एक कागद चिकटवलेला होता, ‘घरबसल्या कमवा’. तोही तिने वाचला. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिने दम खाल्ला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, “मावशी, मला दमायला झालं. पण मला थांबताच येत नाहीये.”

मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. अकरावी-बारावीच्या मुलांना अवधान, म्हणजे आपलं लक्ष, हा धडा मी किती वर्षं शिकवतेय. पण त्या धड्यातली मुख्य गोष्ट एका सहा वर्षांच्या मुलीने एका वाक्यात सांगितली. तिला थांबता येत नव्हतं, तसं आपल्यालाही येत नाही. ती मोठ्याने वाचते म्हणून आपल्याला ऐकू येतं. आपण मनात वाचतो, इतक्या वेगाने की वाचल्याचं आपलं आपल्यालाच कळत नाही.

हे पटवून द्यायला वर्गात मी एक साधा प्रयोग करते. फळ्यावर निळ्या खडूने ‘लाल’ असं लिहायचं, पिवळ्या खडूने ‘हिरवा’, लाल खडूने ‘निळा’, अशी एक रांग. मग मुलांना सांगायचं, शब्द वाचू नका, फक्त खडूचा रंग सांगा. पहिल्या दोन-तीन शब्दांतच मुलं अडखळतात. डोळ्यांना रंग दिसत असतो, पण तोंडून शब्द निघतो. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला आणि तो आजही जगभर तसाच चालतो. त्याचा अर्थ असा की ज्याला वाचता येतं त्याला, अक्षर डोळ्यांसमोर असताना, न वाचणं जमत नाही. वाचन ही सवय राहत नाही, ती प्रतिक्षिप्त क्रियेसारखी होऊन बसते. न वाचायचं ठरवलं तर उलट जास्त जोर लावावा लागतो, आणि तो लावूनही वेळ जातोच.

आता हाच प्रयोग फळ्यावरून उचलून स्टेशन रोडवर ठेवा.

जाहिरातींचा विषय निघाला की जवळजवळ प्रत्येक जण एकच सांगतो, “मी काही जाहिराती बघून वस्तू घेत नाही.” असेलही खरं. जाहिरातीने आपल्याला काय घ्यायला लावलं, एवढाच हिशोब आपण मांडतो, आणि काहीच घेतलं नाही तर आपलं काहीच गेलं नाही असं धरून चालतो. मला जो खर्च दिसतो तो दुसरीकडे आहे. समोर आलेली प्रत्येक जाहिरात आधी नजरेला पडते, मग वाचली जाते, तिचा अर्थ लागतो, ‘हे माझ्या कामाचं नाही’ हे ठरतं, आणि मग ती बाजूला सारली जाते. म्हणजे न घेतलेल्या वस्तूसाठीही मेंदूला ‘नको’ म्हणावंच लागतं. एकेका ‘नको’ला पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ लागत असेल. पण दारावर आलेल्या एका विक्रेत्याला नको म्हणणं वेगळं आणि सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत दाराची बेल वाजत राहणं वेगळं.

‘माणूस दिवसाला पाच हजार जाहिराती बघतो’ असा आकडा तुम्ही कुठेतरी वाचला असेल. तो मी वर्गात सांगत नाही, कारण त्याच्यामागे नीट केलेली मोजणी नाही. एकदा मीच मोजायचं ठरवलं. सोसायटीच्या गेटपासून सुरुवात केली. इस्त्रीवाल्याच्या टपरीवरची शेड, विजेच्या खांबांवरच्या क्लासच्या पाट्या, रिक्षांच्या पाठी, बसच्या कुशी, स्टेशनच्या पुलाच्या दोन्ही बाजू. शंभर झाल्या तेव्हा मी अजून पुलावरच होते. गाडीत बसल्यावर हँडलच्या वरच्या पट्टीवर, पंख्याच्या बाजूला, दारापाशी ‘वशीकरण’ आणि ‘पार्ट टाइम जॉब’चे स्टिकर. तिथे मी मोजणी सोडली.

अक्षरांचं असं, तर हलत्या चित्रांचं त्याहून कठीण. इव्हान पाव्हलॉव्ह हे नाव घंटा आणि कुत्र्याच्या प्रयोगामुळे आपल्याला माहीत असतं. त्यानेच आणखी एका प्रतिक्रियेचं वर्णन केलं आणि तिला ‘हे काय आहे?’ प्रतिक्षेप असं नाव दिलं. आजूबाजूला काही अचानक हललं, चमकलं, आवाज बदलला, की प्राणी हातातलं काम थांबवून तिकडे मान वळवतो. मान वळवायची की नाही हे तो ठरवत नाही, ती वळतेच. गवतात सळसळ झाली आणि ज्याने बघितलं नाही तो फार काळ जगला नसेल, म्हणून ही सोय आपल्यात आली. चौकातला एलईडी फलक दर काही सेकंदांनी चित्र बदलतो तो याच सोयीवर. पेट्रोल पंपावरच्या स्क्रीनचा आवाज एकदम वाढतो, मोबाईलवर बातमी वाचताना मध्येच व्हिडिओ आपोआप सुरू होतो, तेही त्याच. सापासाठी राखून ठेवलेली यंत्रणा गृहकर्जासाठी वापरली जाते, आणि ती वापरताना आपली परवानगी कोणी विचारत नाही.

याने दमायला का होतं, हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या जोडप्याचं काम उपयोगी पडतं. त्यांनी अवधानाचे दोन प्रकार मानले. एक, जे आपण मुद्दाम लावतो: हिशोब करताना, पेपर तपासताना, गर्दीच्या रस्त्यावर स्कूटर चालवताना. दुसरं, जे आपोआप लागतं आणि त्यात कष्ट नसतात: पावसाकडे बघताना, पिंपळाची पानं हलताना. पहिल्या प्रकारात खरी मेहनत असते ती नको असलेल्या गोष्टी बाहेर ठेवण्याची. दारात एक पहारेकरी उभा आहे आणि तो आत येऊ पाहणाऱ्याला अडवतोय, अशी कल्पना करा. पहारेकरी काही अमर्याद ताकदीचा नाही. दिवसभर लोटालोटी झाली की संध्याकाळी तो बसकण मारतो. मग आपण पोरांवर विनाकारण ओरडतो, फोडणीत मोहरी टाकली की नाही ते आठवत नाही, चार ओळींचं पत्र तीनदा वाचावं लागतं.

२००८ मध्ये मार्क बर्मन, जॉन जोनाइड्स आणि स्टीफन कॅप्लन यांनी याची परीक्षा घेतली. काही लोकांना अ‍ॅन आर्बर गावातल्या वृक्षोद्यानात जवळपास तासभर चालायला पाठवलं आणि त्याच लोकांना वेगळ्या दिवशी गावाच्या गजबजलेल्या भागातून चालवलं. चालून आल्यावर त्यांना आकडे ऐकवून ते उलट्या क्रमाने म्हणायला लावले. झाडांमधून चालून आल्यावर त्यांची कामगिरी स्पष्टपणे सुधारली, बाजारभागातून आल्यावर तसं झालं नाही. मी इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते: बाजारभागात फक्त जाहिराती नसतात. गाड्या असतात, माणसं असतात, हॉर्न असतो. सगळा दोष फलकांच्या माथी मारता येणार नाही. पण गाडी चुकवणं गरजेचं असतं, माणसाला वाट देणं गरजेचं असतं. केसगळतीचा फलक चुकवण्याची मेहनत आपण कोणासाठी करतो?

आणखी एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. २००३ मध्ये जेन रेमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना पडद्यावर साधी रंगीत नक्षीची चित्रं दाखवली. त्यातली काही शोधायची होती, काहींकडे मुद्दाम दुर्लक्ष करायचं होतं. नंतर विचारलं, हे चित्र कितपत प्रसन्न वाटतं? ज्या चित्रांकडे दुर्लक्ष करावं लागलं होतं ती लोकांना कमी आवडली. त्या चित्रांनी कोणाचं काहीही बिघडवलेलं नव्हतं. त्यांना बाजूला सारावं लागलं, एवढंच. मला वाटतं, आणि हे माझं मत आहे, की ज्या शहरात आपल्याला दिवसभर नजर चुकवतच चालावं लागतं त्या शहराविषयी आपल्या मनात एक सूक्ष्म नावड साचत जाते. आपला रस्ता, आपला नाका, आपलं स्टेशन, पण तिथून लवकर निघून जावंसं वाटतं. कशामुळे, ते सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, सवय होते. सवय होते हे खरं आहे, आणि संगणकाच्या पडद्यावर लोक जाहिरातीच्या जागेकडे बघेनासे होतात हेही संशोधकांना १९९०च्या दशकातच दिसलं. पण त्यावर जाहिरातदार गप्प बसले नाहीत. फलक मोठे झाले, मग हलू लागले, मग बोलू लागले, मग आपल्या नावाने बोलू लागले. मुंबईच्या मेट्रोत काही स्थानकांच्या नावाआधी आता कंपनीचं नाव लागतं, म्हणजे उतरायचं ठिकाण ऐकायचं तर जाहिरातही ऐकावीच लागते. गरजेची माहिती आणि जाहिरात एकत्र गुंफली की सवय उपयोगी पडत नाही, कारण आता दुर्लक्ष केलं तर नुकसान आपलंच.

हे मला सगळ्यात जास्त जाणवलं ते बाबा आजारी होते तेव्हा. ते आठ दिवस अतिदक्षता विभागात होते. मी बाहेरच्या बाकावर, फोन हातात. रक्ताचा रिपोर्ट आला की प्रयोगशाळेतून फोन यायचा, औषध बाहेरून आणायचं असलं की वॉर्डातून यायचा, विम्याच्या माणसाचा यायचा. सगळे अनोळखी नंबर. म्हणजे अनोळखी नंबर टाळायची सोय नव्हती. एका दुपारी फोन वाजला, मी धडपडत उठले, “हां, बोला” म्हणाले, आणि पलीकडून एक गोड आवाज, “मॅडम, आपलं पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज मंजूर झालंय.” त्या आठ दिवसांत असे किती आले त्याची गणती नाही. फोन करणाऱ्या मुलीवर माझा राग नव्हता, तिला दिवसाचे ठरावीक फोन करायचेच असतात. पण प्रत्येक वेळी छातीत जे धस्स व्हायचं, ते कर्ज नको म्हटल्यावर लगेच शांत होत नसे. हात थरथरत राहायचे. बाबा बरे होऊन घरी आले. फोन वाजला की पोटात गोळा येणं मात्र पुढे कित्येक महिने टिकलं.

इथे ‘नको’ची किंमत सगळ्यात जास्त पडते: जिथे शंभर खोट्या हाकांमध्ये एक खरी हाक असू शकते. खरी हाक चुकवता येत नाही, म्हणून शंभरही हाका ऐकाव्या लागतात. बँकेचा मेसेज आणि बँकेसारखा दिसणारा जाहिरातीचा मेसेज, शाळेच्या ग्रुपवरची सूचना आणि त्याच ग्रुपवर कोणी टाकलेलं साडीचं प्रदर्शन, भाजीवाल्या मावशींना पैसे पाठवताना ‘पैसे गेले’ हे दिसण्याच्या जागी उडणारं बक्षिसाचं कूपन. मन सतत चाळणी घेऊन बसलेलं असतं.

इथपर्यंत लक्षाची गोष्ट झाली. पण जाहिरात आत शिरल्यावर काय करते, तेही बघायला हवं.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आपल्याला आवडू लागते. तिच्याविषयी काही कळायला लागत नाही. १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी त्याच्या जवळची गोष्ट दाखवली: विधान खरं असो वा खोटं, ते पुन्हा ऐकलं की जास्त खरं वाटतं. तरीही, कोणत्या साबणाचं नाव डोक्यात बसलं याची मला फार काळजी नाही. काळजी आहे ती साबणासोबत जे विधान न बोलता सांगितलं जातं त्याची. तू सावळी आहेस. तुझं घर लहान आहे. तुझ्या वयात लोकांकडे गाडी असते. तुझं मूल मागे पडतंय. हेही रोज, पुन्हा पुन्हा, तीस-तीस फुटी अक्षरांत.

मुलं मागे पडण्याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रात शोधायला नको. निकाल लागल्यानंतर जून-जुलैत लातूरला, पुण्याला किंवा आमच्या डोंबिवलीत फिरून बघा. चौकाचौकात गुणवंतांचे फलक. वर मोठा चेहरा, त्याखाली ९९.९८, मग जरा लहान चेहरे, ९९.४, ९८.७, आणि खाली टपाल तिकिटाएवढ्या चेहऱ्यांच्या रांगा. सगळ्यात शेवटी ‘प्रवेश सुरू’. माझ्या वर्गातल्या एका मुलाला बारावीला ७१ टक्के मिळाले होते. घरचे दोघंही कामाला, हा सकाळी दुधाच्या पिशव्या टाकून कॉलेजला यायचा. ७१ टक्के त्याने खरोखर कमावलेले होते. निकालानंतर भेटायला आला तेव्हा पेढे आणले होते, पण पुडा देताना म्हणाला, “मॅडम, येताना स्टेशनवरून नाही आलो, मागच्या गल्लीने आलो.” का रे, तर म्हणे, “तिथे सगळीकडे ते फोटो लागलेत.”

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं की आपण कसे आहोत हे मोजायला आपल्याकडे पट्टी नसली की आपण आसपासच्या माणसांशी स्वतःला ताडून बघतो. त्यात वाईट काही नाही, माणूस तसाच शिकतो. प्रश्न आहे तो ‘आसपासची माणसं’ कोण निवडतं याचा. त्या मुलाच्या चाळीत, त्याच्या वर्गात, ७१ टक्के ही आनंदाची बातमी होती. फलकाने त्याच्या आसपासची माणसं बदलून टाकली. हजारोंमधले निवडक चाळीस चेहरे आणून त्याच्या रस्त्यावर उभे केले आणि उरलेले हजारो कुठेच दिसेनासे झाले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशाची हमी देता येणार नाही, आणि विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागेल. ही चांगली सुरुवात आहे. पण ही संमती फोटोतल्या मुलाची आहे. मागच्या गल्लीने येणाऱ्या मुलाला कोणी विचारलेलं नाही.

हे एकट्यादुकट्याचं हळवेपण नाही, असं मानायला आधार आहे. क्लोए मिशेल, मिशेल सोविन्स्की, युजेनियो प्रोतो आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी १९८० ते २०११ या काळातली २७ युरोपीय देशांची आकडेवारी तपासली. एका बाजूला देशात जाहिरातींवर झालेला खर्च, दुसऱ्या बाजूला नऊ लाखांहून अधिक लोकांनी दिलेलं ‘तुम्ही आपल्या आयुष्यात किती समाधानी आहात’ याचं उत्तर. ज्या देशात जाहिरातींचा खर्च वाढला तिथे त्यानंतरच्या काळात लोकांचं समाधान घटलेलं दिसलं. बेरोजगारी, उत्पन्न यांचा परिणाम वेगळा काढूनही ते तसंच राहिलं. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम पक्कं सिद्ध होत नाही, हे ते संशोधकही मान्य करतात. पण जाहिरातीचं कामच मुळी आपल्याला काहीतरी कमी आहे असं वाटायला लावणं हे असेल, तर हा निकाल मला अनपेक्षित वाटत नाही.

लहान मुलांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात वाद फारसा नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला हे उमगतच नाही की जाहिरातीतला माणूस आपल्याला काही विकू पाहतोय. तो सांगतो ते त्याला माहितीच वाटते. म्हणून कॅनडातल्या क्युबेक प्रांताने १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करायला १९८० पासून बंदी घातली, आणि स्वीडनमध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी टीव्हीवर जाहिरात करता येत नाही. आपल्याकडे २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या तत्त्वांत मुलांसाठी वेगळा भाग आहे, पण तो मुख्यतः जाहिरातीत काय सांगावं याविषयी आहे. मुलांना जाहिरातीपासून मोकळी जागा मिळावी, हा विचार अजून आपल्याकडे यायचा आहे.

मग सगळ्या जाहिराती वाईट का? नाही. मला पिठाची गिरणी कुठे आहे ते पाटीमुळेच कळतं. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींनी किती लोकांना नोकऱ्या, भाड्याची घरं आणि स्थळं मिळवून दिली. तिथे गरज माझी असते आणि मी जाहिरातीपाशी जाते. वर्तमानपत्राचं पान उलटता येतं, टीव्ही बंद करता येतो. टीव्हीला तर निदान तासाला १२ मिनिटांची मर्यादा केबल टीव्हीच्या नियमांत लिहिलेली आहे. रस्त्याचं पान उलटता येत नाही. चौकात उभं राहिलेलं होर्डिंग त्या जागेच्या मालकाला भाडं देतं, पालिकेला शुल्क देतं. ज्यांच्या नजरेसाठी हे सगळे पैसे मोजले जातात त्या माणसांना त्यातलं काहीच मिळत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच सांगून ठेवलं होतं की माहिती ज्या गोष्टीवर जगते ती गोष्ट म्हणजे ऐकणाऱ्याचं लक्ष, आणि माहिती मुबलक झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो.

फलक अंगावर पडला तरच तो आपल्याला दिसतो, अशी आपली आजची स्थिती आहे. १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. ४० फूट बाय ४० फूट ही मर्यादा असताना ते साधारण १२० फूट बाय १२० फूट होतं. तीन पट उंच, तीन पट रुंद, म्हणजे नऊ पट मोठं. इतकं मोठं कशाला, याचं उत्तर एकच: लांबून, महामार्गावरूनही, कोणाला नजर चुकवता येऊ नये. लोखंडी सांगाड्याची चौकशी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण नजर चुकवता येऊ नये एवढ्यासाठी काय काय उभारायची मुभा असावी, हा प्रश्न तसाच राहिला. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला बेकायदा होर्डिंग आणि बॅनर हटवण्याचे सविस्तर आदेश दिले. तरी वाढदिवस आला की ‘भावी नगरसेवक’ खांबावर चढतातच.

दुसरीकडे हे वेगळं होऊ शकलं आहे. ब्राझीलमधलं साओ पाउलो हे मुंबईसारखंच अवाढव्य, गजबजलेलं शहर. तिथे महापौर जिल्बेर्तो कासाब यांच्या काळात २००६ मध्ये ‘स्वच्छ शहर’ कायदा झाला आणि २००७ च्या सुरुवातीपासून रस्त्यावरच्या जाहिरात फलकांवर बंदी आली. सुमारे १५,००० फलक उतरले. दुकानाच्या पाटीलाही आकाराची मर्यादा आली. धंदा बुडेल अशी ओरड झाली, खटले झाले, पण शहर उठून दुसरीकडे गेलं नाही. फलक उतरल्यावर मागची जुनी बांधकामं दिसू लागली आणि फलकांनी झाकलेल्या झोपडपट्ट्याही दिसू लागल्या. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल शहराने २०१४ मध्ये जाहिरात फलकांचा करार पुढे चालू ठेवला नाही, ३२६ फलक काढले आणि काही जागी झाडं लावायचं ठरवलं. बसथांब्यांवरच्या जाहिराती मात्र तेव्हा तशाच राहिल्या, कारण त्यांचा करार वेगळा होता.

आपल्या हातात काय आहे? फोनपासून सुरुवात करता येते. १९०९ या क्रमांकावर फोन किंवा एसएमएस करून जाहिरातींचे कॉल-मेसेज बंद करण्याची नोंदणी होते. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा आणि १६०० ने सुरू होणारा बँक-विमा वगैरेंच्या सेवेचा, हे लक्षात ठेवलं तर फोन न उचलताच निर्णय घेता येतो. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी आता एक अक्षर असतं: ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘जी’ म्हणजे सरकारी. पैसे पाठवायच्या अ‍ॅपमध्ये ऑफरच्या सूचना वेगळ्या बंद करता येतात. घरात कोणी आजारी असेल तर हे आधी करा, ही माझी कळकळीची विनंती. गाडीत मी आता खाडीकडची खिडकी पकडते. दिवा स्टेशननंतर मुंब्र्यापर्यंत तिवरं आणि पाणी दिसतं, तेवढ्या वेळात डोळ्यांना काहीही वाचावं लागत नाही.

आणि आमच्या इमारतीची लिफ्ट. गेल्या वर्षी तिच्यात एका एजन्सीने जाहिरातीची स्क्रीन बसवली होती. सोसायटीला महिन्याला थोडं भाडं मिळायचं. पाच मजल्यांच्या प्रवासात तीन जाहिराती, आवाजासकट. वार्षिक सभेत मी विषय काढला तेव्हा सेक्रेटरी काका म्हणाले, “अहो मॅडम, मेंटेनन्सला हातभार लागतोय, आणि बघायची सक्ती कुठे आहे?” मी त्यांना फळ्यावरचा तो खडूंचा प्रयोग सांगितला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उठल्या. त्यांचे यजमान वर्षभरापूर्वी गेले. त्या म्हणाल्या, “दवाखान्यातून त्यांना शेवटचं घरी आणलं, तेव्हा लिफ्टमध्ये ते स्ट्रेचरवर आणि वर ती बाई नाचत होती. मला ते डोळ्यांसमोरून जात नाही.” त्यानंतर कोणी हिशोबाचं बोललं नाही. आवाज दुसऱ्या दिवशी बंद झाला आणि वर्षाचा करार संपल्यावर स्क्रीन निघाली. तिच्या जागी भिंतीवर चार स्क्रूंची भोकं राहिली आहेत.

परवा रिक्षातून उतरून आम्ही दोघी लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा शेजारच्या काकू आणि त्यांचा मुलगाही होता. भाचीने सवयीने चारही भिंतींवर नजर फिरवली. दाराजवळ पितळी पट्टी होती तेवढीच.

“क्ष-म-ता. क्षमता सहा व्यक्ती. चारशे आठ किलो.” मग तिने बोटाने आम्हाला मोजलं. “आपण चारच आहोत,” ती म्हणाली, आणि पाचवा मजला येईपर्यंत गप्प उभी राहिली.